ई-पुस्तकांची विक्री घटली म्हणजे नेमके काय घटले?

ग्रंथव्यवहाराविषयी आलेल्या प्रश्नांना या सदरातून उत्तरे दिली जातात. या वेळी बहुतेक पत्रांचा रोख ई-पुस्तके आणि छापील पुस्तके यांच्या विक्रीकडे असल्याने तेवढीच पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावांचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : २०१० च्या सुमारास जो तो वक्ता सांगे की पाच-सात वर्षांत छापील पुस्तक संपेल. आता तीच मंडळी ई-पुस्तकाची लाट ओसरली असे सांगतात. मी आयुष्यभर ग्रंथपाल म्हणून काम केले. यातले खरे काय मानू? (नाशिक)

उत्तर : दोन्ही विधाने मुळात अमेरिकेच्या बाजारपेठेवरून उचललेली आहेत आणि तेथे काय घडले हे क्रमाने पाहिले, तर दोन्हींत थोडे थोडे तथ्य सापडते. ॲमेझॉनने किंडल हे वाचनयंत्र १९ नोव्हेंबर २००७ रोजी ३९९ डॉलर किमतीला विक्रीस आणले आणि पहिला साठा साडेपाच तासांत संपल्याचे जाहीर केले. जुलै २०१० मध्ये कंपनीने सांगितले की मागील तीन महिन्यांत पुठ्ठाबांधणीच्या दर १०० पुस्तकांमागे तिने १४३ ई-पुस्तके विकली. मे २०११ मध्ये तर पुठ्ठाबांधणी आणि कागदी बांधणी अशा सर्व छापील पुस्तकांच्या १०० प्रतींमागे १०५ ई-पुस्तके, असे प्रमाण तिने सांगितले. अमेरिकी प्रकाशकांना ई-पुस्तकांपासून मिळणारे उत्पन्न २०११ मध्ये सुमारे २ अब्ज डॉलर होते, ते पुढच्या एका वर्षात ३ अब्जांवर गेले. याच काळात, फेब्रुवारी २०११ मध्ये, बॉर्डर्स ही पुस्तकदुकानांची मोठी साखळी दिवाळखोरीत निघाली आणि सप्टेंबरपर्यंत तिची सगळी दुकाने बंद झाली. अशा वर्षी परिसंवादाच्या व्यासपीठावरून कोणी छापील पुस्तकाचा मृत्युलेख वाचून दाखवला असेल, तर त्याला फारसा दोष देता येत नाही.

पुढे वाढ थांबली, आणि ती का थांबली याचे उत्तर वाचकांच्या आवडीनिवडीत शोधण्याआधी किमतीत शोधले पाहिजे. सुरुवातीच्या वर्षांत ॲमेझॉन नव्या गाजलेल्या पुस्तकांची ई-आवृत्ती ९ डॉलर ९९ सेंटना विकत असे, आणि त्यांतील पुष्कळ पुस्तकांवर ती तोटा सोसत असे, कारण तिला त्या क्षणी वाचक जोडायचे होते. एकदा वाचकाच्या मनात दहा डॉलर ही पुस्तकाची किंमत म्हणून बसली की छापील पुस्तकाची किंमत कोणाच्याच गळी उतरणार नाही, ही भीती प्रकाशकांना वाटू लागली. जानेवारी २०१० मध्ये ॲपलचा आयपॅड जाहीर झाला आणि त्यावरील ॲपलच्या ई-पुस्तकांच्या दुकानासाठी किंमत प्रकाशकाने ठरवावी, विक्रेत्याने केवळ दलाली घ्यावी, अशी नवी पद्धत पुढे आली. मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने ती लावून धरताच ॲमेझॉनने तिच्या पुस्तकांपुढची खरेदीची बटणे काढून टाकली, आणि दोन-तीन दिवसांत माघारही घेतली. एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने ॲपल आणि पाच मोठ्या प्रकाशकांवर संगनमताने किमती वाढवल्याचा खटला भरला. प्रकाशकांनी तडजोड केली, ॲपल लढली आणि जुलै २०१३ मध्ये हरली. हा खटला सरकारने जिंकला, तरी बाजारात अखेर प्रकाशकांचेच म्हणणे चालले, कारण २०१४-१५ मध्ये त्यांनी ॲमेझॉनशी स्वतंत्रपणे नवे करार करून किंमत ठरवण्याचा अधिकार पुन्हा मिळवला आणि नव्या ई-पुस्तकांच्या किमती तेरा ते पंधरा डॉलरवर नेऊन ठेवल्या. छापील प्रतीवर मात्र विक्रेता हवी तेवढी सूट देऊ शकत होता. परिणाम असा की एखादी नवी कादंबरी कागदावर जेवढ्यास मिळे, तेवढेच किंवा त्याहून अधिक पैसे तिच्या फाइलला मोजावे लागू लागले. वाचकाने हिशेब केला आणि कागद उचलला. या प्रकाशकांची ई-पुस्तकांची विक्री २०१५ आणि २०१६ या दोन्ही वर्षांत दहा टक्क्यांहून अधिक घसरली, ती या पार्श्वभूमीवर. (२०१५ मध्ये छापील पुस्तकांचा आकडा फुगण्यास मोठ्या माणसांसाठी निघालेल्या चित्रे रंगवण्याच्या पुस्तकांचाही हातभार लागला होता, त्या वर्षी ‘वाचक कागदाकडे परतला’ असे मथळे देणाऱ्यांनी हे क्वचितच सांगितले.)

त्यानंतरचे चित्र असे आहे. अमेरिकेत छापील पुस्तकांच्या २०१९ मध्ये सुमारे ६९ कोटी प्रती विकल्या गेल्या. टाळेबंदीच्या काळात हा आकडा वाढत जाऊन २०२१ मध्ये ८२ कोटींच्या पुढे गेला, आणि नंतर थोडा उतरून ७६ ते ७८ कोटींच्या दरम्यान स्थिरावला. ई-पुस्तकांनीही २०२० मध्ये उचल खाल्ली होती, पण पारंपरिक प्रकाशकांच्या सर्वसाधारण पुस्तकांच्या उत्पन्नात त्यांचा वाटा आता दहा-बारा टक्क्यांच्या आसपास राहिला आहे आणि श्राव्य पुस्तके त्यांच्या जवळपास बरोबरीला आली आहेत. तेव्हा लाट ओसरली असे म्हणण्यापेक्षा पाणी एका पातळीवर येऊन थांबले आहे, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

ही पातळीही सर्व पुस्तकांसाठी सारखी नाही. प्रेमकथा, रहस्यकथा, अद्भुतकथा, म्हणजे जी पुस्तके वाचक एकामागून एक संपवतो आणि बहुधा पुन्हा उघडत नाही, ती पडद्यावर चांगली खपतात. लहान मुलांची चित्रपुस्तके, पाककृतींची पुस्तके आणि भेट देण्याजोगे ग्रंथ कागदावरच राहिले आहेत. जपानमध्ये डिजिटल प्रकाशनाची उलाढाल एकूण प्रकाशनव्यवसायाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत पोचली आहे आणि त्यातील सुमारे नव्वद टक्के केवळ मांगा या चित्रकथांची आहे. कादंबरी आणि वैचारिक पुस्तके तेथेही बव्हंशी कागदावरच वाचली जातात. ‘जपान डिजिटल झाला’ हे वाक्य म्हणूनच सांभाळून वापरावे.

प्रश्न : मी पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे. एका लेखात ई-पुस्तके घटल्याचे वाचते, दुसऱ्यात वाढल्याचे. दोन्ही लेखांत आकडे असतात. असे कसे? (मुंबई)

उत्तर : कारण दोन्ही लेखांमागचे मोजमाप निराळे असते. अमेरिकी प्रकाशकांची संघटना आपल्याला आकडे कळवणाऱ्या प्रकाशकांच्या उत्पन्नाची बेरीज मांडते. जो लेखक प्रकाशकाला वगळून स्वतःच आपली कादंबरी दोन-तीन डॉलरना किंडलवर चढवतो, तो या बेरजेत नसतो. अशा पुष्कळ पुस्तकांना आयएसबीएन हा ग्रंथक्रमांकही नसतो, कारण ॲमेझॉनला तो लागत नाही. बुकस्कॅन ही सेवा दुकानांच्या गल्ल्यावरची विक्री टिपते, पण ती छापील प्रतींची. ई-पुस्तकांचा सर्वांत मोठा विक्रेता ॲमेझॉन आहे आणि वर सांगितलेल्या १०५ ला १०० या प्रमाणासारखी सोयीची विधाने सोडली, तर तो आपले विक्रीचे आकडे बाहेर देत नाही. त्यात सदस्यत्वाची भर पडली आहे. महिन्याची वर्गणी भरून वाचक हवी तेवढी पुस्तके वाचतो. या वाचनाला विक्री म्हणायचे का, हे प्रत्येक जण आपापल्या सोयीने ठरवतो.

म्हणून ‘ई-पुस्तकांची विक्री घटली’ हे वाक्य पुष्कळदा ‘मोठ्या प्रकाशकांची महाग ई-पुस्तके कमी खपली’ एवढ्याच अर्थाचे असते. प्रती मोजल्या की पैसे, हेही पाहावे. स्वस्त पुस्तके अधिक खपली तर प्रती वाढतात आणि उत्पन्न घटते, आणि मग एकाच वर्षाविषयी परस्परविरोधी दोन मथळे देता येतात.

विक्री बाजूला ठेवून वाचकांना थेट विचारणारी पाहणी याहून उपयोगी पडते. प्यू संशोधन केंद्राच्या २०२१ च्या पाहणीत मागील बारा महिन्यांत छापील पुस्तक वाचल्याचे ६५ टक्के अमेरिकी प्रौढांनी सांगितले, ई-पुस्तक वाचल्याचे ३० टक्क्यांनी आणि श्राव्य पुस्तक ऐकल्याचे २३ टक्क्यांनी. याच पाहणीत केवळ डिजिटल पुस्तकांवर राहणारे अवघे ९ टक्के निघाले. बाकीचे डिजिटल वाचक कागदही वाचत होते. दोन वाचकवर्ग एकमेकांविरुद्ध उभे आहेत, अशी कल्पना करून लिहिलेले लेख या एका आकड्यापाशी अडखळतात.

प्रश्न : आमच्या वाचनालयाचे तरुण सभासद मराठी ई-पुस्तके मागतात, पण हवी ती पुस्तके मिळतच नाहीत. मराठी वाचकाला कागदाचा वासच हवा असतो म्हणून असे आहे का? (एका वाचनालयाचे कार्यवाह, सोलापूर)

उत्तर : कागदाच्या वासाची गोष्ट आपण थोडी बाजूला ठेवू. ती भाषणात बरी वाटते, पण आपले सभासद ई-पुस्तके मागत आहेत आणि ती मिळत नाहीत, असे आपण स्वतःच लिहिले आहे. अडचण वाचकाच्या नाकात नसून प्रकाशकाच्या संगणकात आहे.

साधारण १९९० नंतरची दोन दशके मराठी पुस्तके श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींवर जुळवली गेली. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच संकेत देणारी पद्धत, रूढ होण्यापूर्वीच्या या फाँटांत अक्षरांचे संकेत प्रत्येक कंपनीचे वेगळे होते. छपाईसाठी ते चालून गेले, कारण छपाईला अक्षराचे केवळ रूप लागते. ई-पुस्तकाला मात्र अक्षराची ओळख लागते, म्हणजे संपूर्ण मजकूर युनिकोडमध्ये न्यावा लागतो, आणि हे रूपांतर करणारे साधन कितीही चांगले असले तरी गोंधळ घालतेच. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी जोडाक्षराच्या मध्येच उगवते, अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरे येतात. माझ्या एका जुन्या पुस्तकाची ई-आवृत्ती तपासायला आली, तेव्हा त्यात लग्नाच्या जेवणाचे पैसे ‘आचाऱ्याला’ देण्याऐवजी ‘आचार्याला’ दिलेले होते, आणि सह्याद्रीच्या वर्णनात जागोजागी ‘दऱ्या’ होत्या तेथे ‘दर्या’ उसळत होता. शुद्धलेखन तपासणारी कोणतीही प्रणाली या चुका पकडत नाही, कारण चारही शब्द मराठीत आहेत. पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचून काढावे लागते, म्हणजे मुद्रितशोधकाचे काम पुन्हा एकदा, आणि त्याचे पैसेही पुन्हा एकदा.

हा खर्च टाळायचा म्हणून काही प्रकाशक छपाईसाठी केलेली पीडीएफच ई-पुस्तक म्हणून देतात. छापील पुस्तकाचे डेमी आकाराचे पान मोबाइलच्या पडद्यावर मावत नाही. वाचक प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत दहा पाने वाचतो आणि पुस्तक बंद करतो. मराठी ई-पुस्तकाचा अनेकांना आलेला पहिला अनुभव हाच आहे, आणि त्यावरून मराठी माणूस पडद्यावर वाचत नाही असा निष्कर्ष काढला जातो, हे मला अन्यायाचे वाटते.

दुसरी अडचण हक्कांची आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या करारांत, किंवा करार न करता दिलेल्या शब्दांत, ई-आवृत्तीचा विषयच नव्हता. लेखक हयात नसेल तर वारसांचा शोध घ्यायचा, त्यांच्यात एकमत करायचे, आणि हे सारे शे-दोनशे प्रतींच्या अपेक्षित विक्रीसाठी. आपण मागता ती जुनी, नावाजलेली पुस्तके पुष्कळदा येथेच अडलेली असतात. मूळ पीडीएफ व्हॉट्सॲपवरून गावभर फिरेल ही भीती तिसरी. ती खोटी नाही, परंतु ई-आवृत्ती काढलीच नाही तरी छापील प्रत कोणीतरी मोबाइलने टिपून फिरवतोच, हेही प्रकाशकांनी लक्षात घ्यायला हवे.

आणि एक कारण आपल्याच संस्थेत आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा १९६७ चा कायदा आहे आणि शासनाच्या अनुदानावर चालणारी अकरा-बारा हजार ग्रंथालये आहेत. त्यांची खरेदी छापील प्रतींची असते आणि हजार प्रतींच्या आवृत्तीतील मोठा वाटा या खरेदीवर निघतो, हे प्रकाशक जाणून असतो. मराठी छापील पुस्तक टिकून आहे त्यात वाचकांच्या प्रेमाबरोबर या व्यवस्थेचाही हात आहे, आणि ती व्यवस्था ई-पुस्तकाच्या मागे उभी नाही.

तरीही काहीच घडले नाही असे नव्हे. पुण्याच्या बुकगंगाने मराठी ई-पुस्तकांचे दुकान बऱ्याच वर्षांपूर्वी उघडले. ई-साहित्य प्रतिष्ठान मराठी पुस्तके विनामूल्य देत आले आहे. डिसेंबर २०१६ मध्ये ॲमेझॉनने किंडलवर ज्या पाच भारतीय भाषांची पुस्तके आणली त्यांत मराठी होती. स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी २०१७ च्या अखेरीस भारतात आली ती इंग्रजी, हिंदी आणि मराठी घेऊन. ऐकायच्या पुस्तकाला फाँटाची अडचण नाही, पान सरकवायचे नाही, आणि स्वयंपाक करताना किंवा लोकलमध्ये उभ्याने ते ‘वाचता’ येते. मराठीत श्राव्य पुस्तकांनी जो जम बसवला, त्याचे गुपित मला एवढेच दिसते. आपल्या तरुण सभासदांना युनिकोडमध्येच जुळवलेली गेल्या दहा-बारा वर्षांतील पुस्तके प्रथम सुचवावीत; त्यांच्या ई-आवृत्त्या सहसा नीट असतात.

प्रश्न : छापील पुस्तकावर कर नाही, मग ई-पुस्तकावर का? (अमरावती)

उत्तर : छापील पुस्तक ही वस्तू मानली जाते आणि ई-पुस्तक ही सेवा, एवढेच त्याचे कारण आहे. वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा छापील पुस्तकांवर शून्य आणि ई-पुस्तकांवर १८ टक्के कर होता. २७ जुलै २०१८ पासून तो ५ टक्क्यांवर आणला गेला, मात्र ज्याची छापील आवृत्ती आहे अशाच ई-पुस्तकासाठी. जे पुस्तक केवळ पडद्यासाठी लिहिले गेले, त्याला ही सवलत नाही, हे मला तर्काला धरून वाटत नाही. ब्रिटनमध्येही ई-पुस्तकांवर २० टक्के कर होता. १ मे २०२० पासून तो छापील पुस्तकांप्रमाणे शून्य झाला, श्राव्य पुस्तकांवर मात्र तसाच राहिला.

प्रश्न : माझा पहिला कथासंग्रह तयार आहे. किंडलवर स्वतः प्रकाशित केल्यास ७० टक्के मानधन मिळते असे ऐकले. प्रकाशक तर दहा टक्के सांगतात. मग प्रकाशकाकडे जावेच का? (सातारा)

उत्तर : ७० टक्के हा आकडा खरा आहे, पण त्याला अट आहे. भारतातील ग्राहकांना झालेल्या विक्रीवर हा दर मिळण्यासाठी पुस्तक ॲमेझॉनच्या ‘सिलेक्ट’ योजनेत घालावे लागते, म्हणजे नव्वद-नव्वद दिवसांच्या मुदतीत त्याची ई-आवृत्ती दुसरीकडे कोठेही देता येत नाही. आपल्या संकेतस्थळावरही नाही. योजनेत न गेल्यास दर ३५ टक्के. योजनेत गेल्यावर पुस्तक सदस्यत्वाच्या वाचकांनाही खुले होते आणि तेथे मोबदला प्रतीमागे नसून वाचल्या गेलेल्या पानांमागे मिळतो; जुलै २०१५ पासून ही पद्धत आहे. कथासंग्रहाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की वाचकाने दोन कथा वाचून पुस्तक सोडले, तर आपल्याला दोन कथांचेच पैसे मिळतील.

शिवाय टक्के कशाचे, हे पाहावे. शंभर रुपयांच्या ई-पुस्तकाचे सत्तर टक्के आणि तीनशे रुपयांच्या छापील पुस्तकाचे दहा टक्के यांत प्रतीमागे चाळीस रुपयांचा फरक दिसतो खरा, परंतु संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ आणि समीक्षकांना द्यायच्या प्रती या साऱ्याचा खर्च त्या फरकातून आपल्यालाच करायचा आहे. शिवाय ग्रंथालये, पुरस्कार समित्या आणि परीक्षणे छापणारी नियतकालिके अजून छापील प्रतच मागतात. पहिल्या पुस्तकासाठी मी प्रकाशकाची बाजू घेईन, मात्र करारात छापील, ई-पुस्तक आणि श्राव्य हे तीन हक्क वेगवेगळे लिहून घ्यावेत आणि दिलेल्या मुदतीत ई-आवृत्ती न निघाल्यास तो हक्क आपल्याकडे परत येईल, असे एक कलम घालण्याचा आग्रह धरावा.

प्रश्न : गेल्या दहा वर्षांत मी सुमारे दीडशे ई-पुस्तके घेतली. माझ्यानंतर ती मुलीला मिळतील ना? (कोल्हापूर)

उत्तर : बहुतेक मिळणार नाहीत, आणि हे आपण वेळेवर विचारले ते बरे झाले. आपण पुस्तके घेतलेली नसून ती वाचण्याचा परवाना घेतला आहे. खरेदीच्या वेळी मान्य केलेल्या अटींत तो दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, असे सहसा लिहिलेले असते. जानेवारी २०२५ पासून अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात विक्रेत्याला हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादामुळे जॉर्ज ऑरवेल यांची दोन पुस्तके ग्राहकांच्या यंत्रांतून दुरूनच पुसून टाकली होती, आणि त्यांतील एक नेमके ‘१९८४’ होते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण पुस्तके गेली. किंडलवरील पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून ठेवण्याची सोयही २६ फेब्रुवारी २०२५ पासून काढून घेण्यात आली आहे.

आपल्या दीडशे पुस्तकांची यादी करून तिचे तीन भाग पाडावेत. जी नक्कल रोखणारे कुलूप नसलेल्या ई-पब (ई-पुस्तकांचा एक फाइल-प्रकार) किंवा पीडीएफ स्वरूपात आहेत, त्यांच्या फाइली संगणकावर आणि एका वेगळ्या हार्ड डिस्कवर आजच ठेवाव्यात. जी एखाद्या दुकानाच्या ॲपमध्येच उघडतात, त्यांतील मुलीकडे राहावीत असे वाटणाऱ्या पुस्तकांची छापील आवृत्ती बाजारात आहे का ते पाहावे; मराठी आवृत्ती संपली की पुढची निघेपर्यंत वर्षे जातात. आणि जी महिन्याच्या वर्गणीवर आणलेली आहेत, ती यादीतून खोडावीत, कारण वर्गणी थांबली की ती आपल्याही यंत्रात उरणार नाहीत.